वाचकांचे प्रश्न : नर्सिंगची सीईटी, क्लासची फी आणि कागदपत्रांची धावपळ

बारावीचे पेपर संपले की आमच्या या पानावर नर्सिंगचे प्रश्न यायला लागतात, या वेळी तर गठ्ठाच आलाय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले काही निवडलेत. उत्तरं देतेय मी, वॉर्डात नोकरी केली, आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे थोडं वॉर्डातलं बोलणं मधेमधे येईल ते चालवून घ्या.

ताई, मी भांडुपला राहते. दोनदा नीट दिली पण एमबीबीएसला लागेल एवढा स्कोअर काही आला नाही. आता बीएस्सी नर्सिंगची सीईटी द्यायची ठरवलंय. स्टेशनजवळचा एक क्लास क्रॅश कोर्सचे बरेच पैसे मागतोय, आणि म्हणतोय की नर्सिंगचा पॅटर्न वेगळा असतो, नीटचा अभ्यास इथे चालत नाही. लावू का क्लास?

नको लावूस. अर्धं तो खरं बोलतोय, पॅटर्न वेगळा आहे, पण त्यासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही, पॅटर्न मी इथे चार ओळीत सांगते. १०० प्रश्न, १०० मार्क, वेळ ९० मिनिटं, कॉम्प्युटरवर. फिजिक्स २०, केमिस्ट्री २०, बायोलॉजी २०, इंग्लिश २० आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड २०. निगेटिव्ह मार्किंग नाही. झालं. दर वर्षी ही परीक्षा घेणारं राज्य सरकारचं सीईटी सेल माहिती पुस्तिका काढतं ती मात्र स्वतः डाउनलोड करून वाच, कुणाच्या स्टेटसवर काय फिरतंय त्यावर जाऊ नकोस.

आता तुझं सांगते. पीसीबीचे ६० मार्क तुझ्या हातात आहेतच, नीटला जे वाचलंस त्याच्यापेक्षा इथले प्रश्न सरळ असतात, दोन ओळींचे, एका संकल्पनेचे. पण नीटवाल्या मुलांची एक सवय इथे नडते आणि ती मी दर वर्षी बघते. नीटला चुकलं की एक मार्क जातो म्हणून तुम्ही शंका आली की प्रश्न सोडून पुढे जाता. इथे सोडायचं नाही. एकही नाही! उत्तर येत नसलं तरी काहीतरी टिक करूनच यायचं, चारातले दोन पर्याय खोडता आले तरी खूप झालं. हुशार मुली दहा-बारा प्रश्न कोरे ठेवून येतात आणि बाहेर येऊन सांगतात मॅडम शुअर नव्हते. अगं शुअर नसायला कुणी पैसे कापतंय का तुझे?

दुसरं म्हणजे उरलेले ४० मार्क. इंग्लिश आणि अ‍ॅप्टिट्यूड. नीटवाले याच्याकडे बघतच नाहीत, शेवटच्या आठवड्यात उघडतात. तुझा वेळ तिथे घाल. बायोलॉजीचं पाचव्यांदा रिव्हिजन केलंस तर दोन मार्क वाढतील, इंग्लिशला रोज अर्धा तास दिलास तर सात-आठ वाढतील.

आणि १०० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही, ५४ सेकंद. बायोलॉजी आणि इंग्लिश पटापट उरकून वेळ वाचवायचा आणि तो फिजिक्सच्या गणितांना द्यायचा. हे घरी घड्याळ लावून करून बघ.

मॅडम, नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे नक्की काय वाचायचं? पुस्तकच मिळत नाहीये. दादरला आयडियलच्या गल्लीत जाऊन आले, तिकडे जे मिळालं त्यात नुसतं रिझनिंग आहे. – लालबाग

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देणार आहे कारण हेच सगळ्यांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर याचं एक असं ठरलेलं पुस्तक नसतंच.

तीन प्रकारचे प्रश्न धरून चाल. एक, साधं रिझनिंग, नंबर सिरीज, दिशा, नाती, वेगळा शब्द ओळखा, ते तुझ्या पुस्तकात आहेच. दोन, आरोग्याची सामान्य माहिती. मोठ्या माणसाचं टेंपरेचर ९८.६ फॅरनहाइट म्हणजे ३७ सेल्सिअस, पल्स मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, बीपी १२० बाय ८०. कुठल्या व्हिटॅमिनच्या कमतरतेने काय होतं, ए रातांधळेपणा, सी स्कर्व्ही, डी मुडदूस, बी वन बेरीबेरी. बीसीजी म्हणजे टीबीची लस कधी देतात, तर जन्मल्यावर. आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन १२ मे, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा, तिने लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली नर्सिंगची शाळा काढली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. एवढं एका वहीत दोन पानांवर लिहून काढलंस की भागतं.

तिसरा प्रकार खरा. तुला एक प्रसंग देतात आणि विचारतात तू काय करशील. इथे पाठांतर चालत नाही, डोकं चालवावं लागतं. हा बघ, असा प्रश्न मी माझ्या मुलांना घालते:

तू ड्युटीवर आहेस, एकाच वेळी चार जण हाक मारतायत. पहिल्या बेडच्या आजींना बेडपॅन हवंय आणि त्या रडकुंडीला आल्यात. दुसऱ्या बेडचा डिस्चार्ज झालाय, नातेवाईक काउंटरवर हात आपटतोय की टॅक्सी खाली उभी आहे, पेपर द्या. तिसऱ्या बेडला १०० ताप आहे आणि गोळीची वेळ झालीये. चौथ्या बेडचा माणूस काही बोलत नाहीये पण उठून बसलाय, दोन्ही हात गादीवर टेकवलेत आणि त्याला धाप लागलीये. आधी कुणाकडे?

निम्मी मुलं आजी म्हणतात कारण दया येते, काही जण नातेवाईक म्हणतात कारण तो ओरडतोय. उत्तर चौथा बेड. श्वास सगळ्यात आधी, मग रक्ताभिसरण, मग बाकीचं. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे हे तर कानाला ऐकू येतंयच, जो गप्प आहे त्याच्याकडे बघायचं.

अशा प्रश्नात पर्याय बघताना काही गोष्टी मनात धर. पेशंट इंजेक्शन नको म्हणतोय तर जबरदस्ती करा हा पर्याय कधीच बरोबर नसतो आणि मुकाट्याने निघून जा हाही नसतो, का नको ते विचारा, समजावा, नाहीच ऐकलं तर डॉक्टरांना कळवा आणि नोंद करा, हा असतो. शेजारच्या काकू विचारतायत अमक्याचा रिपोर्ट काय आला गं, तर सांगायचं नाही, काकू कितीही जवळच्या असल्या तरी. तुझ्या हातून किंवा मैत्रिणीच्या हातून चुकीचा डोस गेला तर लपवायचं नाही, आधी पेशंट बघायचा आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बदलायचं नाही. या चार गोष्टी पक्क्या असल्या की बहुतेक प्रसंग सुटतात.

थोडं हिशोबाचंही येऊ शकतं. सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध आहे आणि मुलाला २५० द्यायचंय, तर १० मिली. सलाईन १ लिटर, ८ तासात द्यायचंय, सेट १५ थेंबांचा म्हणजे १५ थेंबांना एक मिली. १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, साधारण ३१ थेंब मिनिटाला. सूत्र पाठ नको करूस, एकूण थेंब किती आणि एकूण मिनिटं किती एवढा विचार कर, आपोआप येतं.

माझं बारावी कॉमर्सने झालंय, ५८ टक्के. नर्सिंगची सीईटी देता येईल का? – कळवा

बीएस्सीची नाही. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच, तिन्ही मिळून ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४०, शिवाय इंग्लिशमध्ये पास. पण तुझं दार बंद झालेलं नाही, जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी कर. तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्लिश विषय घेऊन ४० टक्के असले की झालं, सायन्सवाल्यांना पसंती असते तेवढं लक्षात ठेव. प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या हॉस्पिटलांची नर्सिंग स्कूल आहेत, तिथली ट्रेनिंग म्हणजे काय हे तिथून निघालेल्या कुठल्याही सिस्टरला विचार, ओपीडीतली गर्दी बघून बघूनच हात तयार होतो. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं करता येतं, म्हणजे डिग्री हवी असेल तर तीही मिळते, थोडं लांबून.

दादांना विचारायला लाज वाटते म्हणून इथे विचारतो. मी मुलगा आहे, गोवंडीला राहतो, सायन्स ६१ टक्के. मित्र हसतात. मुलांना घेतात का आणि पुढे नोकरी असते का?

घेतात. सीईटी तीच, पेपर तोच, मार्कांना मुलगा मुलगी कळत नाही. पण कॉलेजचे पर्याय भरताना डोळे उघडे ठेव. चर्चगेटला एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग आहे ते महिला विद्यापीठाचं, तिथे तुला नाही. एम्सचं बीएस्सी ऑनर्स नर्सिंगही मुलींसाठीच, लष्करी नर्सिंगही तसंच, आणि एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स पण मुलींचाच. बाकी ठिकाणी माहितीपत्रकात बघ.

नोकरीचं म्हणशील तर एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना असं धरलेलं आहे, म्हणजे सरकारीत तुझी चुरस जास्त हे खोटं कशाला सांगू. प्रायव्हेटला मात्र आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस इथे ब्रदर म्हणजे पुरुष नर्स लागतातच, नाइटला तर हमखास. ९० किलोचा पेशंट कुशीवर वळवायचा असतो तेव्हा हसणारे मित्र कुठे असतात ते मला दाखव. आणि दादांना सांग सरळ, ६१ टक्क्यांत लाजण्यासारखं काय आहे?

माझ्या मुलीने फॉर्म भरलाय. अभ्यास ती करतेय, पण कागदपत्रांचं मला काही कळत नाही, मिस्टर शिफ्टला असतात. आम्ही ओबीसीत येतो. काय काय काढून ठेवू? – एक आई, चेंबूर

ताई, तुम्ही हे आत्ता विचारलंत म्हणून बरं झालं, बहुतेक जण निकालाच्या दिवशी विचारतात. परीक्षा पास होऊन कागदासाठी घोडं अडलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की माझ्या मते तयारीचा हा भाग अभ्यासाएवढाच मोठा आहे.

दहावी बारावीचे मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार हे घरातच असतं. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव तिन्ही एकाखाली एक ठेवून वाचा. एका अक्षराचा फरक असला, आईचं नाव कुठे आहे कुठे नाही असं असलं, तर आजच दुरुस्तीला टाका.

मग काढायचं ते डोमिसाइल आणि नॅशनॅलिटी. चेंबूर म्हणजे तुम्ही कुर्ला तालुक्यात, मुंबई उपनगरात तीनच तालुके, कुर्ला, अंधेरी, बोरिवली. आपले सरकारच्या पोर्टलवरून घरूनही अर्ज करता येतो, सेतू केंद्रात जायचं तर झेरॉक्सचे दोन सेट आणि ओरिजिनल जवळ ठेवा. बाहेर उभे असलेले एजंट लगेच करून देतो म्हणतील, त्यांना हात जोडा.

ओबीसीसाठी जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात ते, आणि नॉन क्रीमी लेयर. व्हॅलिडिटीलाच वेळ लागतो, वडिलांकडचे जुने पुरावे लागतात, गावच्या शाळेतला आजोबांचा दाखला, महसुली नोंद वगैरे, त्यासाठी कुणालातरी गावी जावं लागतं. अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर होतो. घरात सख्ख्या काकांची किंवा आत्याची व्हॅलिडिटी झालेली असली तर तिची कॉपी आधी मागून घ्या, काम खूप हलकं होतं. नॉन क्रीमी लेयर जवळ असेल तर त्यावरची मुदत बघा, प्रवेशाच्या वर्षात चालणारं हवं, मागच्या वर्षीचं संपलेलं घेऊन लोक रांगेत उभे असतात.

उत्पन्नाचा दाखलाही काढा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ते नाही. हॉस्टेल, युनिफॉर्म, पुस्तकं हे वेगळं, ते हिशोबात धरा. आणि वय बघा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत.

सगळं स्कॅन करून मुलीच्या ईमेलवर एकदा पाठवून ठेवा, मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला तरी कागद राहतात.

ताई, परळला एका खोलीत सहाजण राहतो. संध्याकाळी सहा ते दहा मी मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. मराठी मीडियमची आहे, दहावीपर्यंत सगळं मराठीत, इंग्लिशची भीती वाटते. दोन महिन्यांत होईल का?

होईल. आणि तुझ्या पत्रात जे तू रडून लिहिलंयस त्यातलं एक तर तुझ्या फायद्याचं आहे, मेडिकल स्टोअर. रोज चार तास तुझ्या हातात औषधांची पाकिटं आहेत. मिलिग्रॅम, मिली, एक्सपायरी, स्टोअर बिलो अमुक डिग्री, शेक वेल बिफोर यूज, हे इंग्लिशच आहे ना? गिऱ्हाईक नसेल तेव्हा एका खोक्यावरची बारीक अक्षरं वाच, अडलेले पाच शब्द हातावर लिही, घरी जाऊन अर्थ बघ. बाकी ग्रामरला आर्टिकल, प्रिपोझिशन, टेन्स, अ‍ॅक्टिव्ह पॅसिव्ह, समानार्थी विरुद्धार्थी आणि एक उतारा, यातून बाहेर फारसं काही जात नाही. तुझं नववी दहावीचं इंग्लिश ग्रामर नीट घोटलंस तरी निम्म्याहून जास्त येतं.

जागेचं म्हणशील तर घरी करायच्या भानगडीत पडू नकोस. परळ लालबागला मंडळांच्या अभ्यासिका आहेत, सकाळी सातला जा, दुपारी एकला ये, सहा तास झाले. सकाळचा वेळ फिजिक्स केमिस्ट्रीला, दुपारी जेवण झाल्यावर झोप येते तेव्हा बायोलॉजीच्या आकृत्या काढ, हात चालू असला की डोळा लागत नाही. रात्री दुकानातून आल्यावर अभ्यास नको, झोप.

काय वाचायचं तर बालभारतीची अकरावी बारावीची पुस्तकं, बस्स. आणि अकरावी टाकू नकोस, सगळे टाकतात. आपल्या बोर्डात माणसाचं पचन, उत्सर्जन, हाडं आणि हालचाल हे अकरावीच्या बायोलॉजीत आहे, श्वसन, रक्ताभिसरण, मज्जासंस्था, रोग हे बारावीत. फिजिक्समध्ये आरसे आणि भिंगांचं प्रकरणही अकरावीतच. म्हणजे अकरावी सोडली तर अर्धं माणूसच सुटलं.

फिजिक्सची भीती सगळ्यांना असते, मला वर्गात दर वर्षी विचारतात नर्सला फिजिक्स कशाला. सलाईनची बाटली स्टँडवर उंच का अडकवतात? द्रवाचा दाब उंचीवर अवलंबून असतो, बाटलीची पातळी शिरेतल्या दाबाला पुरून उरली नाही तर रक्त नळीत उलटं चढतं, पेशंटने हात वर केला की तेच होतं, नातेवाईक घाबरून धावत येतात. बीपी मोजतो ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, १२० म्हणजे साधारण १६ किलोपास्कल. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ दाबाखाली ठेवली की १२१ डिग्रीला जाते, तुमच्या घरच्या कुकरचंच मोठं भावंड ते, आणि जंतू मरतात. केमिस्ट्रीत नॉर्मल सलाईन ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, ५८.५ ने भागलं की ०.१५४ मोल. नुसतं पाणी शिरेत गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात म्हणून हे प्रमाण. ऑस्मोसिसची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक लक्षात ठेव, व्याख्या तुझी तू बनवशील. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, तोही इथेच लिहून घे.

एक शेवटचं, पेपर कॉम्प्युटरवर असतो आणि घरी फोनच असेल तर हातात माउस धरायची सवय नसते. सायबर कॅफेत किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दोन-चार सराव टेस्ट पूर्ण ९० मिनिटं बसून दे, मधे उठायचं नाही.

मला ७१ पर्सेंटाइल आले म्हणून घरचे चिडलेत, ते म्हणतात डिस्टिंक्शन पण नाही. – डोंबिवली

घरच्यांना सांग ७१ पर्सेंटाइल म्हणजे ७१ मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर १०० जणांत साधारण ७१ जण तुझ्याबरोबर किंवा तुझ्या मागे आहेत असा त्याचा अर्थ, प्रत्यक्षात मार्क पन्नासच्या घरातही असू शकतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात पात्रतेला खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल आणि एससी, एसटी, ओबीसीला ४० लागतात, म्हणजे तू पात्र आहेस. जागा रिकाम्या राहिल्या की ही अट शिथिल झालेली आहे आधी, पण ज्यांना कमी आलेत त्यांनी त्या भरवशावर बसू नये. तुझं आता काम एकच, पर्याय भरताना भायखळ्याच्या जेजेच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनसारखी सरकारी कॉलेजं वर टाक, मिळेल की नाही हा विचार न करता, आणि खाली आपल्याला खरंच जमेल, परवडेल अशी. फक्त डोंबिवलीहून जवळ म्हणून भरू नकोस. क्लिनिकल पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात पेशंट असतात का, हे एक दिवस जाऊन ओपीडीत बसून बघ.

कुलाब्याला नेव्हीच्या हॉस्पिटलात नर्सिंग करता येतं असं ऐकलं. त्याला कुठली परीक्षा? – वडाळा

आयएनएचएस अश्विनी. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं चार वर्षांचं बीएस्सी, देशभरात २२० जागा, त्यातल्या ४० अश्विनीला आणि ४० पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजला. यासाठी राज्याची सीईटी नाही, नीट यूजी द्यावी लागते, त्या स्कोअरवरून बोलावतात, मग जनरल इंटेलिजन्स आणि इंग्लिशची कॉम्प्युटरवर टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. मुलीच, अविवाहित. नोकरीचा बाँड लिहून द्यावा लागतो, पास झालं की लेफ्टनंट म्हणून कमिशन. म्हणजे भांडुपच्या मुलीला वर मी क्लास नको म्हटलं, पण तिच्या हातात नीटचा चालू वर्षाचा स्कोअर असेल तर तिनेही ही जाहिरात बघून ठेवावी.

एक ओळखीचे गृहस्थ म्हणतायत सीईटी कशाला, परराज्यातल्या कॉलेजात डायरेक्ट सीट देतो, हजेरी लावायची गरज नाही, परीक्षेपुरतं जायचं. आणि आमच्या इथे एका इन्स्टिट्यूटचा बोर्ड आहे, सहा महिन्यांत नर्स बना. दोन्हीतलं काय बरं? – नालासोपारा

दोन्ही नको. हजेरी न लावता नर्सिंग होतच नाही, हे पत्राने शिकायचं शिक्षण नाही, वॉर्डात ठरलेले तास भरावेच लागतात. नोकरीला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याच्याशिवाय तुम्ही नर्स नाही, आणि बाहेरचं सर्टिफिकेट घेऊन तिथे गेलात की ते मूळ कॉलेज, त्या राज्याचं कौन्सिल, विद्यापीठ सगळं तपासतात. तिथे अडकलेल्या मुली मी पाहिल्यात, चार वर्षं आणि बापाचे पैसे दोन्ही गेले, ओळखीचे गृहस्थ तोवर फोन बदलून बसलेले. आपल्या राज्यातलं कॉलेज असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का बघायचं, बाहेरचं असेल तर त्या राज्याच्या कौन्सिलच्या यादीत. नाव नसेल तर विषय संपला.

सहा महिन्यांचा कोर्स हा पेशंट केअर असिस्टंटचा असतो. ते काम चांगलं आहे, घरी पेशंट सांभाळणाऱ्या मावश्या, मामा याच कामावर घरं चालवतात आणि मुंबईत मागणीही आहे, पण त्याला नर्स म्हणायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, पुढे त्यावरून जीएनएमला किंवा बीएस्सीला काही सूटही मिळत नाही. बोर्डावर नर्स बना लिहिलंय म्हणजे पहिल्याच ओळीत फसवणूक आहे, आत काय असेल ते तुम्हीच ठरवा. गृहस्थांना काही टोकन दिलं असेल तर पावती मागा, आणि नसेल दिलं तर देऊ नका.